यंत्राची हजेरी



आज मी तुमच्याशी एका लहानशा यंत्राबद्दल बोलणार आहे. यंत्र म्हटले की काहींच्या कपाळाला आठ्या पडतात. "ते शिकलेल्यांचं काम," असे म्हणून माणसे मागे सरतात. पण आज मी जी हकीकत सांगणार आहे, तिच्यात शिकलेला माणूस फसला, आणि नुकतीच अक्षरे शिकलेली एक बाई खरी ठरली. फसलेला माणूस म्हणजे मीच. म्हणून ही हकीकत सांगायचा हक्क मला आहे.

आमच्या गावात बचत गटाच्या अकरा बायांनी मिळून एक कांदाचाळ बांधली आहे. उन्हाळी कांदा निघतो तेव्हा बाजारात कांदाच कांदा होतो. भाव पडतो. म्हणून कांदा चाळीत ठेवायचा आणि पुढे भाव बघून काढायचा, ही आपली रीत. पण चाळीतला कांदा म्हणजे तान्हे मूल. त्याला हवा मानवावी लागते. साधारण २५ ते ३० अंश उष्णता आणि हवेत शेकडा ६५ ते ७० ओलावा असला, की कांदा सुखात राहतो. ओलावा वाढला की सड लागते. फार घटला की कांदा सुकतो आणि वजन जाते.

हा ओलावा मोजायला गटाने चाळीत एक सेन्सर बसवला. सेन्सर म्हणजे काय? नखाएवढी एक पट्टी. हवेतली उष्णता आणि ओलावा तिला कळतो. तिचे नाव बीएमई २८०. ही पट्टी चार तारांनी एका छोट्या संगणकाला जोडली आहे. सेन्सर मोजतो, संगणक वाचतो, आणि स्क्रीनवर आकडा दाखवतो.

आता हा छोटा संगणक कसा आहे तेही ऐका. त्याला पेटी नाही, झाकण नाही. तळहातावर मावेल असा एकच हिरवा बोर्ड. लांबी ८५ मिलिमीटर, रुंदी ५६ मिलिमीटर. सारे काही त्या एका बोर्डावर. त्याचे नाव रास्पबेरी पाय. रास्पबेरी हे एका फळाचे नाव आहे. इंग्लंडमधल्या केंब्रिज गावच्या मंडळींनी तो मुलांना संगणक शिकता यावा म्हणून बनवला. २०१२ साली फेब्रुवारीच्या २९ तारखेला तो पहिल्यांदा विक्रीला आला. तेव्हा त्याची किंमत ३५ डॉलर होती.

त्याच्यावर जी प्रणाली चालते तिचा पाया लिनक्स. १९९१ साली फिनलंड देशातल्या लिनस टॉरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्याने लिनक्सची सुरुवात केली. पुढे हजारो लोकांनी त्यात भर घातली. तिला मुक्त प्रणाली म्हणतात. म्हणजे तिच्या आत काय लिहिले आहे ते कोणीही वाचावे, कोणीही सुधारावे, दुसऱ्याला द्यावे. गावच्या पाणवठ्यासारखे. पाणवठ्यावर कुलूप नसते. मात्र घागर आपली आपण भरावी लागते.

असो. आता हकीकतीकडे वळू.

आषाढाचा महिना. पाऊस चार दिवस थांबलेला नव्हता. चाळीची पाळी आमच्या एका काकूंकडे होती. या काकू मागच्याच वर्षी आपल्या साक्षरता वर्गात आकडे शिकल्या. त्या रोज सकाळी स्क्रीन पाहायच्या आणि वहीत आकडा मांडायच्या. चौथ्या दिवशी त्या वही घेऊन माझ्याकडे आल्या.

"गुरुजी, ह्या आकड्याचं काही खरं दिसत नाही."

मी वही पाहिली. पहिल्या दिवशी ६६. दुसऱ्या दिवशी ६६. तिसऱ्या, चौथ्या दिवशीही ६६.

मी म्हणालो, "मग छानच की! ओलावा अगदी हवा तेवढा आहे. कांदा सुखात आहे."

काकू म्हणाल्या, "बाहेर भिंती घाम गाळतात. पापड सादळले. आणि चाळीत चार दिवस एकच आकडा कसा?"

मी हसून म्हणालो, "काकू, यंत्र खोटं बोलत नाही."

मंडळी, हे माझे वाक्य मला महाग पडले. सहाव्या दिवशी चाळीतून वास आला. कोपऱ्यातला दोन घरांचा कांदा सडला होता. त्यातल्या एका घराने त्या कांद्यावर मुलीच्या वसतिगृहाचे पैसे धरले होते.

मी घाईघाईने सेन्सरच्या तारा काढल्या, बोर्ड पिशवीत घातला आणि तालुक्याला नेला. एका दुकानदाराने तो हातात धरून उलटसुलट केला. सुरूसुद्धा करून पाहिला नाही. म्हणाला, "बोर्ड गेला. नवा घ्या." मी मान डोलावली. परत आलो आणि नव्या बोर्डाच्या वर्गणीचा कागद लिहायला बसलो.

संध्याकाळी काकू आल्या. म्हणाल्या, "एकदा लावून तर दाखवा." मी घरीच बोर्ड स्क्रीनला जोडला आणि चालू केला. थोड्या वेळाने स्क्रीनवर आकडा आला. ६६.

काकू म्हणाल्या, "गुरुजी, बोर्ड मेला म्हणता, मग हा आकडा दाखवतंय कोण? आणि सेन्सर तर तिकडं चाळीत टांगलाय. मग ६६ आला कुठून?"

माझी मान खाली गेली. दोन प्रश्नांत त्या बाईने सारा उलगडा केला होता. बोर्ड मेला नव्हता. आणि तो आकडा आजचा नव्हता. सेन्सरने कधीतरी दिलेला शेवटचा आकडा संगणकाने जपून ठेवला होता आणि तोच रोज दाखवत होता. यंत्र खोटे बोलले नव्हते. आम्ही त्याला नीट विचारलेच नव्हते.

मग नीट विचारायचे कसे? शाळेत गुरुजी आधी काय करतात? हजेरी घेतात. एक एक नाव पुकारतात. पोर "हजर" म्हणाले तर खूण करतात. संगणकाच्या बोर्डाला जे जे जोडले आहे, त्याचीही अशीच हजेरी घेता येते. मुक्त प्रणालीत ही हजेरी कोणालाही घेता येते. त्यासाठी काही हुकूम आहेत. हुकूम म्हणजे स्क्रीनवर टाइप करायचे शब्द. ते इंग्रजी अक्षरांत लिहावे लागतात. मी येथे त्यांचा उच्चार सांगतो.

दुसऱ्या दिवशी आम्ही चाळीत बसलो. मी टाइप करत होतो. काकू वही घेऊन समोर होत्या.

पहिली गोष्ट, पोटाला अन्न. उपाशी पोर हजेरीला ओ देत नाही. बोर्डाचे अन्न म्हणजे वीज. आमच्या बोर्डाला, म्हणजे रास्पबेरी पाय ४ ला, ५ व्होल्ट आणि ३ अँपिअरचा चार्जर लागतो. पुष्कळ लोक घरातला जुना मोबाईलचा चार्जर लावतात. दिवा लागतो, म्हणून वाटते की सारे ठीक आहे. पण वीज अपुरी पडते. मग जोडलेली वस्तू कधी दिसते, कधी गायब होते. असे झाले तर स्क्रीनच्या कोपऱ्यात विजेचे पिवळे चिन्ह दिसू शकते. आणखी एक हुकूम आहे, "व्हीसीजेनसीएमडी गेट थ्रॉटल्ड". लिहिताना गेट आणि थ्रॉटल्ड यांच्यामध्ये खालची रेघ द्यायची, जागा सोडायची नाही. उत्तराच्या शेवटी नुसते शून्य आले, तर बोर्ड सुरू झाल्यापासून वीज कमी पडलेली नाही. दुसरा आकडा आला तर आधी चार्जर आणि त्याची तार तपासावी. आमच्याकडे शून्य आले. काकूंनी वहीत लिहिले, "वीज ठीक."

दुसरी गोष्ट, रोजनिशी. बोर्ड सुरू झाल्यापासून त्याला काय काय सापडले, काय अडले, ते तो स्वतः लिहून ठेवतो. ती वाचायचा हुकूम म्हणजे "डीएमईएसजी". आधी "सुडो" हा शब्द लावावा. सुडो म्हणजे मालकाच्या हक्काने विचारणे. रोजनिशी मोठी असते, घाबरू नये. शेवटच्या ओळी पाहाव्यात. तेथे नुकतेच घडलेले असते.

तिसरी गोष्ट, यूएसबीची हजेरी. पेन ड्राइव्ह, कॅमेरा, कीबोर्ड या वस्तू यूएसबीच्या खाचेत बसतात. त्यांचा हुकूम "एलएसयूएसबी". प्रत्येक वस्तूची एक ओळ येते. ओळीत तिचा क्रमांक असतो. आता यातली युक्ती ऐका. एकदा वस्तू काढून हजेरी घ्या. मग वस्तू लावून पुन्हा घ्या. दोन्ही याद्या शेजारी ठेवा. जी ओळ वाढली ती आपली वस्तू. एकही ओळ वाढली नाही, तर वस्तू संगणकाला दिसतच नाही. मग खाच बदला, तार बदला, वस्तू दुसऱ्या संगणकाला लावून पाहा.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्या. यादीत नाव आले म्हणजे काम सुरू झाले असे नाही. दारात ट्रॅक्टर उभा आहे, पण ड्रायव्हर नाही, तर शेत नांगरले जाईल का? संगणकातही प्रत्येक वस्तू चालवणारा एक छोटा कार्यक्रम असतो. त्यालाही ड्रायव्हरच म्हणतात. "एलएसयूएसबी" पुढे वजा चिन्ह आणि टी हे अक्षर लिहिले, की कोणत्या वस्तूला कोणता ड्रायव्हर मिळाला ते दिसते. नाव आहे आणि ड्रायव्हर नाही, तर वस्तूला किंवा तारेला दोष देऊ नये. ड्रायव्हर शोधावा.

आमच्या बोर्डाला एक पेन ड्राइव्ह होता. तो यादीत आला. त्याचा ड्रायव्हरही होता. काकूंनी लिहिले, "पेन ड्राइव्ह हजर."

चौथी गोष्ट, आमचा सेन्सर. तो यूएसबीवर नाही. बोर्डाच्या कडेला ४० खिळ्या असतात. तो त्या खिळ्यांना जोडलेला. या रस्त्याचे नाव आय-टू-सी. या रस्त्यावर प्रत्येक सेन्सरला घर क्रमांक असतो. आमच्या सेन्सरचे घर ७६. याच जातीच्या काही सेन्सरांचे ७७ असते. घरोघर हाक मारायचा हुकूम म्हणजे "आयटूसीडिटेक्ट", मग वजा चिन्ह आणि वाय, मग १. स्क्रीनवर चौकटींचा तक्ता येतो. ज्या घरातून ओ येते, तेथे क्रमांक दिसतो. जेथून येत नाही, तेथे दोन आडव्या रेघा.

या हुकुमाला निरनिराळी उत्तरे मिळतात. प्रत्येकाचा अर्थ वेगळा आहे. शांतपणे ऐका.

एक, "असा हुकूमच सापडला नाही" असे उत्तर आले, तर हाक मारणारे साधनच बोर्डात नाही. ते घालून घ्यावे. त्याचे नाव आय-टू-सी टूल्स. यात सेन्सरचा दोष नाही.

दोन, "फाइल उघडता आली नाही, अशी फाइलच नाही" असे उत्तर आले, तर बहुधा तो रस्ताच बंद आहे. "सुडो रास्पी-कॉन्फिग" हा हुकूम द्यावा. तेथे इंटरफेसच्या यादीत जाऊन आय-टू-सी चालू करावे.

तीन, तक्ता आला, पण साऱ्या घरांत रेघा. म्हणजे रस्ता उघडा आहे, पण सेन्सर ओ देत नाही. तार सुटली, चुकीच्या खिळीवर बसली किंवा सेन्सर बिघडला.

चार, क्रमांक दिसला. म्हणजे सेन्सर आहे, तारा नीट आहेत. तरी आकडा चुकत असेल, तर दोष आकडा वाचणाऱ्या कार्यक्रमात शोधावा. कधी कार्यक्रम ७७ ला हाक मारतो आणि सेन्सर राहतो ७६ ला!

पाच, क्रमांकाच्या जागी यू-यू अशी दोन अक्षरे दिसली, तर त्या घराचा ताबा आधीच एखाद्या ड्रायव्हरकडे आहे. घाबरण्याचे कारण नाही.

आम्ही सेन्सरच्या तारा पुन्हा जोडल्या आणि हुकूम दिला. तक्ता आला. सगळीकडे रेघाच रेघा. काकूंनी वहीची मागची पाने उलटली. सेन्सर बसवला त्या दिवशी त्यांनी तक्ता जसाच्या तसा उतरवून घेतला होता. त्यात शेवटच्या ओळीत ७६ होते.

"तेव्हा होतं, आता नाही. म्हणजे मधे काहीतरी तुटलंय," काकू म्हणाल्या.

तारेला हात लावण्यापूर्वी आम्ही संगणक रीतीने बंद केला आणि चार्जर काढला. चालू बोर्डाच्या खिळ्यांशी खेळू नये. आमच्या सेन्सरची वीज १ नंबरच्या खिळीवर. तेथे ३.३ व्होल्ट असतात. निरोपाच्या दोन तारा ३ आणि ५ नंबरवर. चौथी, म्हणजे जमिनीची तार, ६ नंबरवर. १ च्या शेजारीच २ नंबरची खिळी आहे आणि तेथे ५ व्होल्ट असतात. निरोपाच्या खिळीवर चुकून ५ व्होल्ट गेले, तर बोर्ड खरोखरच जाऊ शकतो. म्हणून आधी मोजावे, मग लावावे.

चारही तारा आपल्या जागी होत्या. मला दोष दिसेना. काकूंनी तारा बोटांत धरल्या आणि हळूहळू सेन्सरपर्यंत बोटे फिरवली. कांद्याच्या ढिगामागे त्यांची बोटे थांबली. पाच नंबरची तार उंदराने कुरतडली होती. वरचे आवरण लोंबत होते, आतले तांबे तुटले होते. वितभर तार! तिच्यापायी दोन घरांचा कांदा गेला, आणि मी नव्या बोर्डाची वर्गणी काढायला निघालो होतो.

तार बदलली. बोर्ड चालू केला. हुकूम दिला. शेवटच्या ओळीत ७६ उमटले. काकूंनी वहीत लिहिले, "सेन्सर हजर." मग खरा आकडा आला. ८४. हवेत शेकडा ८४ ओलावा!

त्याच दिवशी अकराही घरची माणसे चाळीवर आली. सडका कांदा निवडून बाहेर काढला. ढीग मोकळे केले. वारा खेळेल अशी जागा केली. बाकीचा बहुतेक कांदा वाचला. सेन्सरने कांदा वाचवला असे मी म्हणणार नाही. सेन्सर फक्त सांगतो. हात आपलेच लागतात.

आणखी एक काम राहिले होते. सेन्सर गप्प झाला तरी जुना आकडा दाखवत राहणारा तो कार्यक्रम. तोही उघडा होता, कुलूपबंद नव्हता. कॉलेजात शिकणाऱ्या एका मुलाकडून आम्ही तो दुरुस्त करून घेतला. आता आकड्याखाली तारीख आणि वेळ येते. सेन्सरने ओ दिली नाही, तर आकडा पुसला जातो आणि मराठीत मोठ्या अक्षरांत येते, "सेन्सर बोलत नाही."

मंडळी, यातून मी काय शिकलो ते चार वाक्यांत सांगतो.

आकडा दिसला म्हणजे तो आजचा आहे असे समजू नये. त्याची वेळ पाहावी.

वस्तू मेली असे म्हणण्याआधी तिची हजेरी घ्यावी. आधी वीज, मग तार, मग नाव, मग ड्रायव्हर, मग कार्यक्रम. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. दोन एकदम बदलल्या, तर कशाने गुण आला ते कळत नाही.

सारे ठीक असते त्या दिवशीची हजेरी वहीत लिहून ठेवावी. स्क्रीनवर जसे दिसते तसेच लिहावे, पदरचे काही घालू नये. बिघाडाच्या दिवशी ते पान सोन्याचे ठरते.

आणि शेवटचे. कोणी वही घेऊन आले आणि म्हणाले, "ह्या आकड्याचं काही खरं दिसत नाही," तर हसू नये. खाली बसावे आणि वही वाचावी.

मी त्या दोन घरी जाऊन माझी चूक कबूल केली. वर्गणीच्या कागदाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर आता हजेरीचे हुकूम लिहिले आहेत. तो चाळीच्या खांबाला लावला आहे. अक्षर काकूंचे आहे. तुम्ही आलात तर वाचून पाहा. आता तुम्हालाही ते वाचता येईल.